पोटखराबा ०.३४

सातबाऱ्यावर एक ओळ असते जी आपण कधी वाचतच नाही. पोटखराब क्षेत्र, लागवडीस अयोग्य. आमच्या गटात त्या ओळीपुढे ०.३४ लिहिलंय, म्हणजे ३४ आर, ढोबळ हिशोबात तेहतीस-चौतीस गुंठे. एकूण क्षेत्र १ हेक्टर १२ आर, त्यातलं ०.७८ लागवडीचं, आकार, म्हणजे शेतसारा, १ रुपया ८७ पैसे. हो, वर्षाचा. पोटखराब्यावर तर आकारच नाही, सरकारच्या लेखी तिथे काही उगवतच नाही ना.

तर ही गोष्ट बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी त्या जमिनीवर आमची वारस नोंद करून घेतली त्याची. कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहायला बसले होते पण लिहिताना निम्मं फुलांवरच गेलं, त्याला माझा इलाज नाही, सगळं शरदातच घडलं.

गाव भोर तालुक्यात, रायरेश्वरच्या बाजूला. डोंगराची उतरण, खाली ओढ्याकडे भाताची खाचरं, वर वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, त्याच्याही वर कातळ आणि झुडपं. काका तिथेच राहतात, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा म्हणते मी त्याला, तोच सगळी जमीन कसतो. आम्ही पुण्यात. बाबा असताना वर्षातून दोनदा जाणं व्हायचं, एकदा म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आणि एकदा जत्रेला, आणि दोन्ही वेळी आम्ही पोरं ओसरीवर मोबाइलला रेंज कुठे येते ते शोधण्यात वेळ घालवायचो.

दादाने आषाढात फोन केला, अगं तुमची नावं लावून घ्या आता, कशाला ठेवलंय. म्हटलं बघते. पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला तर मालकाच्या जागी बाबांचं नावच नाही! आजोबांचं. आजोबा १९९२ला गेले. एवढी वर्षं ना बाबांनी ना काकांनी, कुणीच नोंद केलेली नाही, शेतसारा भरत होते, भात येत होतं, कुणाचं काही अडलं नाही म्हणून कुणी गेलं नाही. कायद्याने वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. आम्ही तीन दशकं लावली. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही एवढं बरं, पण कागद मात्र दुप्पट लागतात कारण मधली एक पिढीही गेलेली असते.

अर्ज आता घरबसल्या करता येतो, ई-हक्क नावाच्या सिस्टीमवर, मी केला. मृत्यूचे दाखले दोन, आजोबांचा आणि बाबांचा, सगळ्या वारसांची नावं पत्ते, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. बाबांचा दाखला होता. आजोबांचा ग्रामपंचायतीतून काढला आणि तिथे पहिली ठेच लागली. सातबाऱ्यावर गेनू, मृत्यूच्या नोंदीत ज्ञानदेव. माणूस एकच हो, गावात सगळे गेनबाच म्हणायचे, पण कागदाला काय माहीत. मी शहाणपणा करून अर्जात ज्ञानदेव टाकलं, म्हटलं चांगलं पूर्ण नाव आहे, तर अर्ज परत. चूक माझीच. सातबाऱ्यावर जे नाव आहे तेच अर्जात लागतं, अक्षराला अक्षर, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच हे वेगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. हे आधी कळलं असतं तर एक महिना वाचला असता, म्हणून सांगतेय.

तलाठी भाऊसाहेबांना (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच) मी फोनवर विचारलं, वंशावळीत किती मागे जायचं? ते म्हणाले ताई आजोबांपासून चालेल, पण पणजोबांचं नाव माहीत असेल तर लिहा, जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) बघायला सोपं जातं. मला माहीत नव्हतं. आईला नाही. काकांना नुसतं "थोरले बाबा" एवढंच.

मग भाद्रपदात म्हाळ आला. बाबांचा म्हाळ गावच्या घरीच घालायचा हे ठरलेलं. भटजींनी पाण्याची पळी हातात देऊन भावाला विचारलं, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. भाऊ तिसऱ्या नावाला अडकला आणि माझ्याकडे बघायला लागला. मला हसायलाच आलं, दोन आठवड्यांपूर्वी मी याच प्रश्नाला याच जागी अडकले होते! भटजीला आणि तलाठ्याला एकच गोष्ट हवी होती, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं दोन्हीकडे नापास.

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "राघू. राघू नाव व्हतं त्यांचं. त्यांचा बाप सखाराम. आन त्याच्या वरचं मला बी न्हाय ठावं."

आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे. लग्न होऊन खोऱ्यातल्याच दुसऱ्या गावात गेली. तिचं नावही वारसांत लागणार हे मी अर्ज भरताना टाकलंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्यावरून घरात थोडी कुजबुज झाली. काकांचं म्हणणं आत्याकडून हक्कसोड लिहून घेऊ, रीतच आहे तशी. रीत आहेच, नाही कोण म्हणतंय, बहिणी सही करून देतात, भाऊ साडी घेतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, २००५च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जितात मुलाच्या बरोबरीने बसवली तिला, तरी सही मागायला कुणाला संकोच वाटत नाही. मी गप्प बसले होते कारण मीही लेकच, माझंही नाव लागत होतं, बोलले असते तर स्वतःसाठी बोलते असं झालं असतं. शेवटी काकांनीच जेवताना विषय काढला. आत्या भात कालवता कालवता म्हणाली, "नाव राहू दे माझं. मला भात नको का पैसा नको. कागदावर असू दे." काका काही बोलले नाहीत. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, चल तुला जमीन दाखवते. मी म्हटलं अगं आत्या मी बघितलीय. "काय बघितलीय? ओसरीवरनं?"

आता इथे मला थोडं थांबून सांगायचंय. आपल्या डोक्यात ऑटम म्हटलं की ती मोबाइलवर फिरणारी लाल-नारिंगी पानं येतात, परदेशातली. आपल्याकडे शरदात पानगळ नसते, पानगळ शिशिरात, तेव्हा पळस पांगारा फुलतात ते वेगळं. आपला शरद जमिनीवर असतो. गुडघ्याच्या खाली. गाडीतून दिसतो तो नुसता हिरवा डोंगर आणि त्यावर मध्येच पिवळट काहीतरी, खाली उतरून वाकल्याशिवाय कळत नाही. म्हाळाचे दिवस म्हणजे परतीचा पाऊस अजून जायचाय, सकाळी धुकं, दहाला कडक ऊन, चारला एक सर, आणि त्या मधल्या उन्हात सगळं एकदम फुलून घेत असतं, कारण पाऊस थांबला की कातळावरची माती महिन्याभरात खडखडीत होणार हे त्या फुलांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय.

खाचरांच्या बांधावरून वर निघालो. भात पोटरीत होतं, काही ठिकाणी निसवायला लागलेलं. आत्या प्रत्येक खाचराला नाव घेऊन चालली होती. हे व्हाळाचं (ओढ्याकडचं). हे मधलं. हे धोंड्याचं. हे सासूचं (म्हणजे तिच्या आजीच्या सासूचं, कुणी तरी बाई तिथे भात लावताना बाळंत झाली होती म्हणे). सातबाऱ्यावर या सगळ्याला मिळून एक गट नंबर आणि एक शब्द, तरी. भाताच्या जमिनीला कागदावर तरी म्हणतात. आणि आत्याला गट नंबर अजिबात कळत नाही, ती अजून जुन्या सर्वे नंबरांवर आहे. एकत्रीकरण झालं तेव्हा तुकडे जोडून गट पाडले, तिच्या डोक्यात ते जोडलेच गेले नाहीत.

वरकसाच्या वर गेलो आणि पोटखराबा सुरू झाला.

सोनकी. आधी तीच. उतरणभर पिवळी, कमरेच्याही खाली, लहान डेझीसारखी फुलं, इतकी दाट की पाय कुठे टाकायचा कळेना, आणि वास असा काही नाही पण मधमाश्यांचा आवाज एवढा की वायरीखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. मधूनमधून तेरड्याचे गुलाबी-जांभळे पट्टे, जिथे पाणी झिरपतं तिथे तेरडा, जिथे निचरा होतो तिथे सोनकी, म्हणजे रंगावरून डोंगरातलं पाणी कुठून चाललंय ते कळतं. हे मला आत्याने सांगितलं नाही, मी स्वतः उभी राहून बघितलं, पाच मिनिटांनी लक्षात आलं. ओलसर गवतात कवला, ज्याला सगळे आता मिकी माऊस म्हणतात, पिवळं फूल आणि त्यावर दोन लाल ठिपके. कातळाच्या खोलगटात बोटभर पाणी साचलेलं, त्यात निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा, सीतेची आसवं. ही किडे खाणारी वनस्पती आहे, खाली बारीक फुगे असतात त्यात पाण्यातले जीव अडकतात. नाव एवढं हळवं आणि धंदा असा. शेजारी गेंदाचे पांढरे गुंडे, बटणासारखे. हेच सगळं बघायला मी कासला गेलेय, ऑनलाइन बुकिंग करून, तारांच्या बाहेर उभं राहून, गर्दीत. कास पठार जागतिक वारशात आलं २०१२ला, पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांमध्ये. तिथे फोटो काढताना माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की हेच आपल्याही गटात असेल आणि त्याला सातबाऱ्यावर खराबा म्हणत असतील.

आत्याने तेरड्याची एक फुगलेली शेंग दोन बोटांत धरली आणि नुसती दाबली. टचकन फुटली, साल आतल्या बाजूला गुंडाळली गेली अळीसारखी आणि काळं बी माझ्या ओढणीवर उडालं. ती खुदकन हसली, सहा वर्षांच्या पोरीसारखी. मग मी पण दाबत बसले. पंधरा-वीस फोडल्या असतील आम्ही दोघींनी, बोलत काहीच नव्हतो.

"गौर हितनंच न्यायचो आमी," ती म्हणाली. तेरड्याची गौर, मुळासकट उपटून. कोणत्या खडकाखालचा तेरडा घ्यायचा हेही ठरलेलं. मग बोट दाखवत दाखवत तिने सगळा हिशोब सांगितला. त्या टेपावरचं गवत छपराला. ती कारवी कुडाला, घराच्या जुन्या भिंती कारवीच्याच, वरून शेणामातीचा लेप. कारवी सात वर्षांनी फुलते आणि बी धरून मरते, मग वाळलेले सोट तोडून आणायचे. "माझ्या लग्नाच्या साली फुलली व्हती." घराच्या चौथऱ्याचे दगड या खडपातले. भारंगीची फुलं भाजीला. कुर्डूचा पाला पावसाच्या सुरुवातीला. गुरं दिवाळीपर्यंत इथेच. म्हणजे ज्या ३४ आरला सरकारने लागवडीस अयोग्य म्हटलं त्यातून घराचं छप्पर, भिंती, चौथरा, भाजी, दूध आणि गौर एवढं सगळं आलं होतं, आणि ०.७८ मधून फक्त भात-नाचणी. मी हे काकांना संध्याकाळी बोलून दाखवलं तर ते म्हणाले मग काय, पोटखराबा नसता तर खाल्लं असतं काय गुरांनी, सातबारा?

परत येताना मला एक काळंनिळं मोठं फुलपाखरू दिसलं, निलवंत, २०१५ला राज्य फुलपाखरू झालं ते. मागल्या पंखांवर निळी झाक, उडताना मध्येच विजेसारखी चमकते. घरामागच्या लिंबाकडे गेलं, लिंबाच्या जातीच्या पानांवरच त्यांची अंडी असतात. मी त्याच्या मागे मागे परसात गेले आणि तिथे प्राजक्त.

परसाबद्दल काय सांगू. आजीची बाग होती ती. आजी गेल्यावर कुणी मुद्दाम काही लावलं नाही पण गेलंही नाही काही. तगर, जास्वंद, कुंपणावर गोकर्ण, गोठ्याच्या कडेला आपोआप उगवलेला झेंडू जो दसऱ्याला बरोबर धरतो, आणि विहिरीच्या वाटेवर हा प्राजक्त. प्राजक्त रात्री फुलतो आणि उजाडायच्या आत गाळून मोकळा होतो, त्यामुळे आम्ही डोंगरावरून येईपर्यंत सडा कोमेजायला लागला होता, पांढऱ्या पाकळ्या जवळजवळ पारदर्शक झालेल्या आणि नारिंगी देठ मात्र तसेच कडक. पडलेलं फूल देवाला चालतं असं हे एकच म्हणे. आई तिथे वाकून वेचत होती, पदरात. तिला मी बाबा गेल्यापासून बागेत वाकलेलं पाहिलं नव्हतं, पुण्यात गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा वाळून गेल्या. मी काही बोलले नाही. तिच्या शेजारी बसून वेचायला लागले.

निघताना आईने एक पिशवी भरून माती घेतली, वरकसातली, तांबूस. म्हटलं कशाला, तर घटाला. घटस्थापना चार दिवसांवर होती. आम्ही पुण्यात इतकी वर्षं दुकानातून माती आणायचो, पुडीत मिळते, पत्रावळ, माती, सात धान्यं असा सेटच असतो. खरं तर घटाला आपल्या शेतातली माती घ्यायची. यंदा घट असा काही उगवला की नवव्या दिवशी वीतभर पिवळे कोंब. आई म्हणते मातीमुळे. मी म्हणते पाणी जरा बेतात घातलंस या वेळी. असो.

आता कागदाचं पुढचं. अर्ज दुरुस्त होऊन आला की तलाठी आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क ला नोंद घेतात, मग फेरफार पडतो, तो नमुना ६ ला. त्यावर नोटीस निघते, सगळ्या हितसंबंधितांना, आणि चावडीवर लागते. हरकत घ्यायला १५ दिवस. ते १५ दिवस मात्र मला झोप नव्हती, उगाचच, कोण हरकत घेणार होतं? पण असतं ते मनात. कोणाचीच आली नाही. मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतात आणि तेव्हा सातबारा बदलतो. कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात लंच ब्रेकमध्ये परत १५ रुपये भरून काढला. काका, आत्या, आई, भाऊ, मी. पाच नावं एकाखाली एक आणि आजोबांच्या नावाला कंस पडलेला. खूप काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, भावाला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने अंगठा पाठवला. डबा खाल्ला. मग मात्र ज्या ओळीवर नजर गेली ती ०.३४ची, आणि तिथे माझ्या डोळ्यांपुढे सोनकी आली, भर ऑफिसात, आणि मला थोडा वेळ स्क्रीन वाचता येईना.

आत्याला फोन करून वाचून दाखवलं. "राघूचं नाव हाय का त्यात?" म्हटलं नाही गं, वर जात नाही ते. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मोजणी आम्ही दिवाळीनंतर घेतली, भात कापून झाल्यावर, कारण उभ्या पिकात आणि चिखलात मोजणीला अर्थ नसतो. वरच्या बाजूच्या शेजाऱ्यांशी बांधावरून बारीकशी कुरबुर होती, भांडण नाही, पण कुणी तरी कधी तरी दगड सरकवला असं दोन्हीकडचे म्हणत होते. अर्ज भूमी अभिलेखला, फी भरायची, तारीख येते, लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. भूकरमापक आले रोव्हर घेऊन, काठीवर पांढरी टोपी बसवल्यासारखं यंत्र, उपग्रहावरून जागा घेतं. पूर्वी साखळीने मोजायचे, ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट तो एक गुंठा. काकांना हे अजून तोंडपाठ, ते त्या पोरासारख्या भूकरमापकाला साखळीचं सांगत होते आणि तो आदराने ऐकत होता, त्याच्या हातातल्या टॅबवर आमचा सगळा डोंगर एका बोटात मावत होता.

तोवर शरदाचा रंग बदललेला. हिरवं गेलंच होतं. सगळं गवत सोनेरी, वाऱ्याबरोबर एकाच दिशेने झोपणारं, कुसळं तर अशी की सलवार चाळणी झाली, मोज्यातून आत जाऊन टोचत होती. सोनकी तुरळक, बाकी ठिकाणी तिच्या जागी पांढऱ्या म्हाताऱ्या. आभाळ मात्र धुतल्यासारखं, रायरेश्वरचा सपाट माथा एवढा जवळ वाटत होता की आवाज दिला तर ऐकू जाईल. आत्याला आणलं होतं आम्ही, दादाने गाडीवर बसवून. वरच्या कोपऱ्यात यंत्र म्हणेल ती जागा आणि आम्ही धरत आलो ती जागा यात दीडेक मीटरचा फरक पडला. सगळे उभे. शेजारचे तात्या म्हणाले इथे दगड होता. आत्या म्हणाली दगड न्हाय, धोंडा, पुरलेला, वर वीतभर, आन तो ह्या उंबराच्या बुडात. उंबर कुठेच नव्हता. तिने काठीने गवत बाजूला केलं, जरा खाली, परत जरा डावीकडे, आणि एक काळं कुजलेलं खोड निघालं, गवताखाली, जमिनीलगत. त्याच्या बुडाशी दादाने कुदळीने दोन घाव घातले तर धोंडा. भूकरमापकाने काठी तिथे टेकवली, टॅब बघितला आणि म्हणाला, आजी, चार इंचांचा फरक आहे फक्त. तात्या हसले. म्हणाले गेनबाची लेक हाय ती. सह्या झाल्या, खुणा रंगवल्या, क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, नंतर मिळाली. दीड मीटरपैकी बराचसा त्यांच्याकडेच गेला हेही सांगायला हवं, आमच्याच बाजूने कुणी तरी पुढे सरकलं होतं. काका त्या संध्याकाळी जास्त बोलले नाहीत.

आता एक विषय राहिलाय आणि तो अजून मिटलेला नाही. दादाला पोटखराबा लागवडीखाली आणायचाय. त्याचं चुकीचं नाही. २०१८ला नियम बदलला, वर्ग अ चा (खडकाळ वगैरे असल्याने लागवडीस अयोग्य धरलेला) पोटखराबा तुम्ही सुधारून लागवडीखाली आणला असेल तर तो लागवडीयोग्य क्षेत्रात धरून घेता येतो, मग कर्जाला धरतात, विम्याला धरतात, उद्या काही संपादन झालं तर मोबदल्यात धरतात. त्याने जेसीबीवाल्याला विचारूनही ठेवलंय, खालची अर्धी उतरण फोडून आंबा-काजू लावायचे म्हणतो. पावसात तिथे उभं राहून गुरं राखणारा तो आहे, मी शनिवार-रविवारवाली, ड्रेसला कुसळं लागली की फोटो टाकणारी. फुलं राहू दे म्हणायचा मला कितपत अधिकार आहे हे मला खरंच कळत नाही, पाचव्या हिश्शाएवढासुद्धा नाही कारण तिथे माझा वाटा आईचा आणि भावाचा धरून. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, फोडायचंच तर खालचं फोडा, कातळाला हात लावू नका, पाणी तिथनं येतं व्हाळाला. हे दादाला पटलं. पाणी म्हटलं की पटतं. फुलं म्हटलं की हसतो.

मी सध्या एवढंच केलंय की त्याला म्हटलं एक वर्ष जाऊ दे, पुढच्या भाद्रपदात आपण दोघं मिळून वर जाऊ, काय कुठे उगवतं ते मी कागदावर काढते, मग ठरव. बरं म्हणाला, त्याच्या त्या बरं मध्ये किती बरं आहे माहीत नाही.

परवा त्याचा फोन आला, भात झोडून झालं, दोन पोती ठेवलीत तुमची, घेऊन जा. आणि वरचं गवत वाळलंय, उद्यापासून कापायला घेऊ का?

म्हटलं दादा, आठ दिवस थांब. सोनकीचं बी अजून उडायचंय.